पावसाळी प्रदेशातील डेकसाठी फळी कोणती: साधे डब्ल्यूपीसी, कॅप्ड डब्ल्यूपीसी की पीव्हीसी?

लाकडी डेकची, म्हणजे उघड्यावर फळ्या मांडून केलेल्या बैठ्या जागेची, हौस आणि महाराष्ट्राचा पावसाळा यांचे फारसे जमत नाही. उघड्यावरच्या सागवानी फळ्यांनाही दरवर्षी तेलाचा हात द्यावा लागतो, आणि तो एखाद्या वर्षी राहून गेला की फळ्या करड्या पडतात, तडकतात. त्यामुळे गच्चीसाठी, बाल्कनीसाठी किंवा बंगल्याच्या मागच्या अंगणासाठी कृत्रिम फळ्यांचा विचार करणाऱ्यांची संख्या वाढली आहे. दुकानात या सगळ्या फळ्या ‘देखभालमुक्त’ म्हणूनच दाखवल्या जातात. प्रत्यक्षात त्यांचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांतील फरक पहिल्या दोन पावसाळ्यांतच दिसू लागतो.

साधे डब्ल्यूपीसी (वुड-प्लॅस्टिक कॉम्पोझिट) म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचे मिश्रण. डेकच्या फळ्यांत हे प्लॅस्टिक बहुधा पॉलिथिलीन असते आणि भुशाचे प्रमाण साधारणपणे निम्म्याच्या आसपास असते. कॅप्ड डब्ल्यूपीसीचा गाभा असाच असतो, परंतु फळी तयार होतानाच तिच्यावर भुसा नसलेल्या प्लॅस्टिकचे पातळ, टणक आवरण चढवले जाते. पीव्हीसी डेकिंगमध्ये लाकूड अजिबात नसते. ती फेसाळलेल्या, म्हणजे आत सूक्ष्म पोकळ्या असलेल्या, पीव्हीसीची फळी असते. किंमत सर्वसाधारणपणे याच क्रमाने चढत जाते.

निवडीचा खरा निकष पाणी हा आहे. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० ते ७५० मिमी पाऊस पडतो, रत्नागिरीत ३,००० मिमीहून अधिक आणि महाबळेश्वरला ५,५०० मिमीच्याही पुढे. डब्ल्यूपीसीमधील भुसा प्लॅस्टिकने पूर्णपणे वेढला जात नाही. पृष्ठभागाजवळचे तंतू पाणी शोषतात, फुगतात, उन्हात पुन्हा आकसतात, आणि या चक्रातून पडलेल्या बारीक भेगांत बुरशी घर करते. नव्या साध्या फळ्यांवरून पहिल्या काही पावसांत चहाच्या रंगाचे पाणी ओघळते, ते भुशातील रंगद्रव्याचे असते, आणि पांढऱ्या भिंतीवर त्याचे डाग राहतात. कॅप्ड फळीत हे बव्हंशी टळते, परंतु आवरण चारही बाजूंनी आहे की फक्त वरून आणि कडांवर, हे पाहणे अत्यावश्यक आहे. तीनच बाजूंनी झाकलेली फळी खालून ओल शोषते, आणि जमिनीलगतच्या डेकखाली पावसाळाभर ओलच असते. कापलेली टोके मात्र कोणत्याही कॅप्ड फळीत उघडीच राहतात. पीव्हीसीला ही चिंता नाही, आणि वाळवीचीही नाही. तरीही शेवाळ तिच्यावर धरते, कारण ते फळीवर नव्हे तर तिच्यावर साचलेल्या धुळीवर आणि पालापाचोळ्यावर वाढते. झाडाखालचा डेक कोणत्याही पदार्थाचा असला तरी पावसाळ्यात मऊ ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासावा लागणारच.

पोकळ आणि भरीव फळी हा प्रश्नही पाण्याशीच जोडलेला आहे. पोकळ फळी हलकी आणि स्वस्त असते, पण टोकाचे झाकण निघाले की आत पाणी आणि किडे शिरतात. छताखालच्या बाल्कनीत ती चालेल. उघड्या गच्चीवर भरीवच घ्यावी.

उन्हाच्या कसोटीवर तिन्ही प्रकार लाकडापेक्षा उणे आहेत, हे स्पष्टपणे सांगायला हवे. एप्रिल-मेच्या दुपारी गडद रंगाच्या फळीचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जाते आणि तिच्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. येथे पदार्थापेक्षा रंग अधिक महत्त्वाचा ठरतो. म्हणून वाळूसारखी किंवा फिकट राखाडी छटा निवडावी, आणि घरात लहान मुले असतील तर याबाबत तडजोड करू नये. उष्णतेने फळी लांबीत वाढतेही: ३ मीटरची फळी ४० अंशांच्या फरकात सुमारे ५ ते ६ मिमी लांब होते. टोकांशी फट न ठेवता हिवाळ्यात घट्ट बसवलेला डेक उन्हाळ्यात उचलला जातो, आणि दोष मात्र फळीला दिला जातो.

वजनाचा विचार गच्चीसाठी करावा. २३ मिमी जाडीची भरीव डब्ल्यूपीसी फळी चौरस मीटरला जवळपास ३० किलो भरते, तर फेसाळलेले पीव्हीसी बहुधा त्याच्या निम्मेच. आगीपुढे दोन्ही दुबळी आहेत. पीव्हीसी स्वतःहून सहसा पेटत राहत नाही, पण वितळते आणि जळताना त्रासदायक धूर सोडते. दिवाळीत थेट फळीवर पणत्या मांडल्या किंवा फुलबाजीची ठिणगी पडली की कायमचा डाग राहतो आणि तो घासून जात नाही.

आता ज्याची चर्चा सर्वांत कमी होते तो भाग, म्हणजे खालचा सांगाडा. कृत्रिम फळी स्वतः भार पेलण्यासाठी बनलेली नसते, आणि डब्ल्यूपीसीच्याच पट्ट्यांचा सांगाडा करून देण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा, कारण त्या कालांतराने वाकतात. लोखंडी चौकोनी पाइप स्वस्त पडतो, पण वेल्डिंगच्या जागी रंग उडून तो तिथूनच गंजतो. फळी पंचवीस वर्षे टिकेल आणि पाइप त्याआधीच सडेल अशी रचना करण्यात अर्थ नाही. देशावर गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पाइप पुरतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रूच घ्यावेत. सांगाड्याच्या दोन आडव्या पाइपांमधील अंतर उत्पादकाने दिले असेल त्याहून एक इंचही वाढवू देऊ नये. गच्चीच्या स्लॅबमध्ये भोके पाडून सांगाडा पक्का करणे हा सर्वांत महाग पडणारा निर्णय आहे, कारण त्याने वॉटरप्रूफिंग फुटते आणि गळती खालच्या शेजाऱ्याच्या छतात उतरते. त्याऐवजी उंची कमी-जास्त करता येणारे पेडेस्टल, म्हणजे स्लॅबवर नुसते ठेवायचे आधाराचे पाय, वापरावेत, पाण्याचा उतार मोकळा ठेवावा आणि निचऱ्याच्या जाळीवरची फळी उचलता येईल अशी बसवून घ्यावी.

माझे मत असे आहे. छताखालच्या बाल्कनीसाठी साधे डब्ल्यूपीसी पुरेसे आहे. तेथे अधिक खर्च करण्याचे कारण नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील उघड्या गच्चीसाठी चारही बाजूंनी झाकलेली, भरीव, फिकट रंगाची कॅप्ड फळी सर्वांत योग्य ठरते. कोकणात आणि घाटमाथ्यावर, विशेषतः सावलीतल्या व कधीच नीट न वाळणाऱ्या जागी, पीव्हीसीचा जादा खर्च सार्थ आहे. विदर्भातील ज्या गच्चीवर दिवसभर ऊन असते आणि वर मांडव घालण्याचा विचार नाही, तेथे मात्र यांपैकी काहीच सुचवावेसे वाटत नाही. फिकट रंगाच्या खरखरीत फरश्या बऱ्या.

खरेदीपूर्वी दुकानदाराकडून फळीचा कापलेला तुकडा मागून घ्यावा, स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावा, आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवावा आणि पुसून पुन्हा तोलावा. दोन-तीन दुकानांचे तुकडे एकाच वेळी असे तपासले की फरक लगेच कळतो. हमीपत्रात रंग फिका पडणे आणि डाग यांचा उल्लेख आहे का, तसेच खराब फळी बदलण्याच्या मजुरीचा खर्च कोणी करायचा, हे वाचून मगच आगाऊ रक्कम द्यावी. सोबत त्याच रंगाच्या चार-पाच फळ्या जास्तीच्या घेऊन सपाट जमिनीवर, सावलीत ठेवाव्यात, कारण काही वर्षांनी तीच छटा पुन्हा मिळेल याची खात्री नसते.