पेशीसंवर्धनासाठी घेतलेला कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर : उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यातील आमच्या छोट्या संशोधन प्रयोगशाळेत गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर नवा कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर आला. सुमारे १७० लिटर क्षमतेचा, पाण्याचे आवरण नसलेला, म्हणजे थेट तापणाऱ्या भिंतींचा, वायूचे प्रमाण मोजणारा इन्फ्रारेड सेन्सर असलेला आणि १८० अंशांच्या कोरड्या उष्णतेने आतून निर्जंतुक करता येणारा हा प्रकार आज बऱ्याच कंपन्या थोड्याफार फरकाने विकतात. त्यामुळे कंपनीचे नाव न घेता लिहिले तरी खरेदीच्या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा. आमच्याकडे मुख्यतः एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या आणि हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवल्या जातात आणि त्यांच्यावर वनस्पतींपासून काढलेल्या संयुगांचा परिणाम तपासला जातो. माझे मत आधीच सांगते : दार उघडल्यानंतर आतली स्थिती किती लवकर पूर्ववत होते आणि यंत्र आतून किती सहज साफ करता येते, या दोन गोष्टींसाठी पैसे मोजावेत. रंगीत टचस्क्रीन आणि मोबाइलवर येणारे आलेख यांचा विचार त्यानंतर करावा.

यंत्राचे काम सांगायला सोपे आहे. ३७ अंश सेल्सियस तापमान, भरपूर आर्द्रता आणि हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड एवढे त्याने अखंड सांभाळायचे असते. हा वायू लागतो तो माध्यमाचा, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्याचा, पीएच (आम्लता) स्थिर राहावा म्हणून. माध्यमात सोडियम बायकार्बोनेट असते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्याशी समतोल साधतो. आरपीएमआय-१६४० या माध्यमात लिटरला २ ग्रॅम बायकार्बोनेट असते, त्यामुळे ५ टक्के वायूला त्याचा पीएच ७.४ च्या आसपास येतो. डीएमईएम या दुसऱ्या माध्यमात मात्र ते ३.७ ग्रॅम असते आणि त्याच ५ टक्क्यांना हिशेबाने पीएच ७.६ च्या वर जातो. पेशी वाढू लागल्या की त्यांनी सोडलेल्या लॅक्टिक आम्लाने तो खाली येतो, म्हणून असंख्य प्रयोगशाळा डीएमईएमसुद्धा ५ टक्क्यांवरच वापरतात आणि आम्हीही तेच करतो. एका इन्क्युबेटरमध्ये दोन माध्यमे ठेवणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. माध्यमातले फिनॉल रेड हे पीएचनुसार रंग बदलणारे द्रव्य गुलाबी दिसू लागले की लगेच यंत्रावर संशय घेण्याआधी बाटलीवरचे बायकार्बोनेटचे प्रमाण वाचावे.

सेन्सर कोणता, हा प्रश्न दरपत्रक मागवतानाच विचारावा. जुन्या यंत्रात आमच्याकडे उष्णतावाहकतेवर चालणारा सेन्सर होता. तो हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता मोजतो आणि तिच्यात आर्द्रतेमुळेही फरक पडतो. त्यामुळे दार उघडून बंद केल्यावर आर्द्रता पूर्ववत होईपर्यंत पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नसे. इन्फ्रारेड सेन्सरला ही अडचण जवळजवळ नाही. नव्या यंत्रात अर्धा मिनिट दार उघडे राहिले तर वायूचे प्रमाण साधारण पाच-सात मिनिटांत जागेवर येते, तापमानाला त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. मात्र इन्फ्रारेड सेन्सर वायूचे रेणू मोजतो, म्हणून हवेच्या दाबाचा त्याच्यावर परिणाम होतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथला दाब मुंबईपेक्षा साधारण ६ टक्क्यांनी कमी असतो. इन्स्टॉलेशनच्या वेळी ही नोंद यंत्रात करून घ्यावी आणि नमुना घेण्याच्या नळीला हातातला गॅस मीटर लावून महिन्यातून एकदा तरी आकडा पडताळावा. पडद्यावर ५.० दिसत असताना मीटरने वेगळे काही दाखवले, तर मीटरकडे दुर्लक्ष करू नये.

आर्द्रता हा या यंत्राचा सर्वांत कच्चा दुवा आहे. तळाशी पाण्याचा ट्रे असतो, पाण्याची वाफ होते, पंखा ती फिरवतो, एवढीच त्यामागची योजना आहे. आमच्या मॉडेलमध्ये आर्द्रता मोजली जात नाही. दार उघडल्यावर वायू आणि तापमान लवकर सावरतात, पण ट्रेमधून हवा पुन्हा ओलसर व्हायला तास-दीड तास सहज जातो. मोठ्या फ्लास्कमधल्या पेशींना याने फारसे काही होत नाही. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये मात्र प्रत्येक खाचेत जेमतेम १०० मायक्रोलिटर माध्यम असते. त्यातले थोडे जरी उडून गेले तरी क्षारांचे प्रमाण वाढते, आणि कडेच्या खाचांतून ते आधी उडते. औषधाचा परिणाम मोजायचा आणि त्यात बाष्पीभवनाचा परिणाम मिसळलेला असायचा, ही गोष्ट निष्कर्षाच्या मुळावर येते.

म्हणून नवा इन्क्युबेटर घेणाऱ्या प्रत्येकाने एक चाचणी आवर्जून करावी. माध्यमात पेशी मिसळून केलेल्या एकाच द्रवातून, सर्व ९६ खाचांत सारख्याच पेशी घालाव्यात, कोणतेही औषध घालू नये, आणि अशी एकेक प्लेट वरच्या, मधल्या व खालच्या फळीवर तीन दिवस ठेवावी. त्यानंतर एमटीटी चाचणी करावी. जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रसायनाचे जांभळ्या फॉर्माझानमध्ये रूपांतर करतात आणि ५७० नॅनोमीटरला त्याची तीव्रता मोजता येते. आमच्याकडे मधल्या फळीवरची प्लेट आतल्या खाचांत एकसारखी आली. वरच्या फळीवर, पंख्याच्या झोताशेजारच्या कोपऱ्यात, कडेची एक अख्खी रांग फिकी निघाली. नुसत्या डोळ्यांनीही ती वेगळी कळत होती. त्याच प्लेटच्या काही खाचांत पेशी तळावर सारख्या न पसरता मधोमध गोल जमा झालेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. पंख्याच्या कंपनाने असे होते. पंख्याचा वेग एका पायरीने कमी केल्यावर ती वर्तुळे गेली, रांगेचा फिकेपणाही कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. आता त्या कोपऱ्यात फक्त फ्लास्क राहतात, प्लेटच्या कडेच्या खाचांत पेशींऐवजी नुसते बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) भरले जाते, आणि पेशी घातल्यावर प्लेट पंधरा-वीस मिनिटे बाहेर खोलीच्या तापमानाला सपाट ठेवून मगच आत जाते. या शेवटच्या साध्या सवयीचा गुण सर्वांत जास्त आला. पेशी शांतपणे तळाशी बसतात आणि तापमानातल्या अचानक फरकामुळे माध्यमात उठणारे प्रवाह त्यांना एका बाजूला ढकलत नाहीत.

ट्रेमध्ये पाणी कोणते घालावे, यावरून प्रयोगशाळांत मतभेद असतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन स्टीलला गंज आणते, आणि १८.२ मेगाओमचे अतिशुद्ध पाणीही धातूतले आयन ओढून घेत असल्याने उत्पादक ते टाळायला सांगतात. निर्जंतुक केलेले साधे ऊर्ध्वपातित पाणी चांगले. आम्ही ते दर आठवड्याला बदलतो आणि ट्रे ऑटोक्लेव्ह करतो, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करतो.

जुलै-ऑगस्टमध्ये यंत्राची खरी परीक्षा झाली. पुण्याच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते, पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बुरशी धरते आणि तिचे बीजाणू प्रयोगशाळेच्या हवेत असतातच. एका शुक्रवारी दोन फ्लास्कमध्ये पांढरे कापसासारखे पुंजके दिसले. ते फ्लास्क न उघडता ब्लीचमध्ये गेले, बाकीच्या पेशी शेजारच्या विभागाच्या इन्क्युबेटरमध्ये वेगळ्या फळीवर हलवल्या आणि आमचे यंत्र रिकामे करून रात्रभर १८० अंशांचे चक्र चालवले. फळ्या, पंख्याचे झाकण आणि सेन्सर हे सारे आतच ठेवून हे चक्र चालते, ही या मॉडेलमधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे, कारण सुटे भाग काढून वेगळे ऑटोक्लेव्ह करायचे असले की ते काम पुढे ढकलले जाते. हवा गाळणारा हेपा फिल्टर तेवढा आधी काढावा लागतो. चक्रानंतर नवा फिल्टर बसवला, आणि त्या हंगामात बुरशी पुन्हा आली नाही. आतले कोपरे गोलाकार आहेत आणि फळ्यांचे आधार स्क्रूशिवाय निघतात, त्यामुळे पंधरवड्याची सफाईही पाऊण तासात होते. पुसायला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. ब्लीच स्टीलला लावू नये. तांब्याच्या अस्तराचा पर्याय बराच महाग होता. तांबे जंतूंना रोखते यात शंका नाही, परंतु ज्यांच्याकडे उष्णतेचे चक्र आहे आणि ते वेळेवर चालवले जाते, त्यांनी तो खर्च केला नाही तरी चालेल, असे मला वाटते.

एका गोष्टीत मात्र कोणताही इन्क्युबेटर मदत करत नाही. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीवाणू माध्यम गढूळ करत नाही, नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनला जुमानत नाही आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटू शकतो. तो येतो बाहेरून आणलेल्या पेशींबरोबर किंवा काम करणाऱ्याच्या तोंडातून-हातातून. विक्रेत्याच्या ‘कंटॅमिनेशनपासून संपूर्ण संरक्षण’ या शब्दांवर विसंबून, मायकोप्लाझ्माचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी बंद करणाऱ्या प्रयोगशाळा माझ्या पाहण्यात आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण अशा पेशींवर काढलेले निष्कर्ष पुढे इतरांच्या कामात मिसळतात. नव्या पेशी खात्रीच्या पेशीसंग्रहातून, उदाहरणार्थ पुण्यातल्याच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून घ्याव्यात आणि चाचणीचा निकाल येईपर्यंत वेगळ्या ठेवाव्यात.

विजेचा प्रश्न खरेदीआधीच सोडवावा. थेट तापणारे यंत्र हलके असते, लवकर तापते आणि १८० अंशांचे चक्र त्यातच शक्य होते. परंतु वीज गेली की ते पाण्याच्या आवरणाच्या यंत्रापेक्षा कितीतरी लवकर थंड होते. पाण्याचा मोठा साठा उष्णता धरून ठेवतो, तसे इथे काही नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी होणारा वीजबंद अनुभवलेल्या पुणेकरांना हे समजावून सांगायला नको. आमचे यंत्र यूपीएस आणि जनरेटर दोन्हींवर आहे. दुसरी बाजू उन्हाळ्याची आहे. हे यंत्र फक्त तापवू शकते, थंड करू शकत नाही, म्हणून खोलीचे तापमान ३७ पेक्षा निदान चार-पाच अंशांनी कमी असावेच लागते. एप्रिलमध्ये रात्री वातानुकूलन बंद पडले तेव्हा आतले तापमान ३८ च्या पुढे गेले आणि गजर वाजला. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या प्रयोगशाळांनी यंत्राआधी खोलीच्या वातानुकूलनाची तजवीज करावी.

सिलिंडरबद्दल नवीन विद्यार्थ्यांचा हमखास गैरसमज होतो. भरलेल्या सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि त्यातला शेवटचा द्रव संपेपर्यंत दाबमापकाचा काटा जवळजवळ हलत नाही. २० अंशांना तो ५७ बारच्या आसपासच राहतो. काटा उतरू लागला की फार थोडा वायू उरलेला असतो. किती उरला ते कळण्यासाठी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा लागतो. आम्ही ३० किलोचे दोन सिलिंडर आपोआप बदलणाऱ्या जोडणीवर ठेवले आहेत आणि यंत्राकडे वायू १ बार दाबाने जातो. सिलिंडर आतून नळी नसलेलाच मागावा, नाहीतर रेग्युलेटरमध्ये वायूऐवजी द्रव येतो. गळती होऊ शकते हे धरून सिलिंडर हवेशीर जागी, साखळीने बांधून ठेवावेत.

पुण्यात जन्मलेल्या कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांनी हेला पेशी वाढवणाऱ्या जॉर्ज गाय यांच्याबरोबर बाल्टिमोरला काम केले आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. आज हाताशी असलेली साधने त्या काळात नव्हती. पुढे १९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सन या संशोधकांनी मलेरियाचा परजीवी प्रयोगशाळेत सतत वाढवून दाखवला, तोही मेणबत्ती पेटवून बंद केलेल्या बरणीत, जिथे कार्बन डायऑक्साइड मेणबत्तीच्या जळण्यातूनच मिळतो. हे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. ज्यांचे अनुदान लहान आहे त्यांनी यंत्र नाही म्हणून काम अडवू नये. घट्ट झाकणाचे फ्लास्क, हेपेस बफर किंवा वायूशिवाय चालणारे एल-१५ माध्यम यांवर बरेच काही शिकता आणि करता येते. आम्हीही वीज किंवा वायू गेल्यास हाताशी असावी म्हणून एल-१५ ची बाटली फ्रिजमध्ये ठेवतो.

आवाज कमी आहे, आतले काचेचे दार गरम राहत असल्याने त्यावर पाणी साचत नाही, पडदा हातमोजे घालूनही चालतो. तक्रार आहे ती सेवेबद्दल. कॅलिब्रेशनसाठी विक्रेत्याचा इंजिनिअर बोलावल्यानंतर यायला तीन आठवडे लागले, आणि हेपा फिल्टरची किंमत दरपत्रकात नसल्यामुळे पहिल्याच बदलाच्या वेळी खर्चाची मंजुरी नव्याने घ्यावी लागली. निविदा काढणाऱ्यांनी फिल्टर, दाराचे गास्केट आणि सेन्सर यांचे पाच वर्षांचे दर मूळ दरपत्रकातच लिहून घ्यावेत, आणि वार्षिक देखभाल करारात इंजिनिअर किती दिवसांत येईल याची मुदत नमूद करून घ्यावी.