अलिशानला रात्र कुठे काढावी?

गावाकडून आई-बाबा तैवानला यायचे ठरले की इथल्या शिंचू शहरातल्या आमच्या ओळखीपाळखीत एक फोन हमखास होतो: "अलिशानला मुक्काम कुठे करायचा रे?" अलिशान म्हणजे इथलं डोंगरावरचं जंगल, लोक तिथे पहाटे उठून सूर्योदय बघायला जातात. तीन खेपांत मी तीन ठिकाणी राहिलोय, म्हणून हा फोन बहुतेक माझ्याकडे येतो. तिकिटं, स्वेटर, चेरीचा हंगाम वगैरे तुम्ही बघून ठेवलंय असं धरतो.

पर्याय असे: वर जंगलात अलिशान हाउस, १९१३ पासूनचं. त्याच्या खाली बसथांबा आणि गाडीतळ, तिथल्या हॉटेलांची रांग. आणि घाटाच्या निम्म्यात, रेल्वेच्या मधल्या स्टेशनावर, फनछीहू.

पहिल्या खेपेला बस जिथे सोडते तिथेच खोली घेतली. स्वस्त, सामान ओढायला नको, समोर गरम सूप. तक्रारीला जागा नव्हती, रात्री पावणेतीनपर्यंत. मग कॉरिडॉरच्या टोकाला टकटक सुरू झाली. दुसरं दार, तिसरं दार, मग आमचं. आम्ही सूर्योदयाला जाणार नव्हतो आणि तसं काउंटरवर सांगूनही ठेवलं होतं. बाबांना आदल्या दिवशीच्या घाटाने भोवंडल्यासारखं झालं होतं, त्यांना फक्त झोप हवी होती. टकटक पुढे गेली, तर सुटकेसची चाकं आली. फरशीवरून खडखडत एक, तिच्यामागे दुसरी. कुणीतरी थर्मासचं झाकण पाडलं, ते गडगडत आमच्या दाराशी येऊन थांबलं. खाली मिनीबसची इंजिनं गरम होत राहिली. साडेचारला सगळं गार पडलं आणि सातला तीच मंडळी नाश्त्याला परतली. बाबा अंथरुणात बसून म्हणाले, "सूर्य बघायचा नसेल तर या गावात राहू देत नाहीत वाटतं."

माझ्यापुरता निकाल त्या रात्रीच लागला. कदाचित आमचं हॉटेलच तसं असेल, शेजारची भिंत जाडही असेल. पण तिथली सगळी वस्ती चूशानच्या, म्हणजे वरच्या शिखरावरच्या सूर्योदयावर जगते, तेव्हा पहाटेचा गोंगाट एखाद्याच हॉटेलात असेल असं वाटत नाही.

अलिशान हाउस या वस्तीपासून दूर का, याला इतिहास आहे. हे गावच लाकडासाठी वसलं. इथल्या हिनोकीच्या (जपानी सायप्रसच्या) जातीच्या प्रचंड झाडांसाठी, तेव्हा तैवानवर राज्य करणाऱ्या जपान्यांनी च्याईहून (हसू नका, शहराचं नावच तसं आहे) छोटी रेल्वे वर आणली. १९१२ मध्ये गाडी धावू लागली. रूळ ७६२ मिलिमीटरचे, आपल्या माथेरानपेक्षा अर्ध्या फुटाने रुंद. ओंडके खाली, माणसं वर. पुढे तोड थांबली, १९८२ मध्ये घाटरस्ता झाला आणि गाव पर्यटकांवर आलं. लाकूडतोड्यांची जुनी वस्ती चाओपिंग स्टेशनाभोवती होती. १९७६ च्या आगीत ती बरीचशी जळाली आणि दुकानं, हॉटेलं खाली गाडीतळाकडे सरकली. त्यामुळे वर आता झाडं, स्टेशन आणि हे हॉटेल. तिथली शांतता कुणाच्या तरी जळलेल्या घरांमुळे आहे, हे एकदा कळलं की विसरता येत नाही.

दुसऱ्या खेपेला बाबांना नाव सांगितलं तर ते म्हणाले, "आलिशान? परवडणार का?" पैसे गाडीतळापेक्षा दुपटीहून जास्त पडले, हे लपवत नाही. आम्ही नव्या इमारतीत होतो. जुन्या बाजूचीच खोली हवी असेल तर बुकिंग करतानाच नीट बघा. तुमची गाडी खाली सोडावी लागते, हॉटेलची गाडी न्यायला येते. आईच्या गुडघ्यांना ते मानवलं. चारनंतर सहलीच्या बस उतरतात आणि धुकं चढतं. त्या तासाभरात हॉटेलातून चालत निघालात तर वाटेवर तोडलेल्या झाडांचे बुंधे दिसतील, खोलीएवढे, आणि त्यांच्यावरच रुजलेली नवी झाडं. पुढे एक दगडी स्मारक आहे, १९३५ चं, तोडलेल्या झाडांच्या आत्म्यांसाठी उभारलेलं. आईने तिथे चपला काढून नमस्कार केला. मी जपान्यांनीच तोडली आणि त्यांनीच स्मारक केलं वगैरे सांगायला लागलो, तर म्हणाली, "केलं ना? मग झालं."

पहाटे जायचं ठरलं तरी चाओपिंग स्टेशन जवळ आहे, सूर्योदयाची गाडी तिथे थांबते. नसेल जायचं तर कूस बदला. आम्ही बदलली.

आता फनछीहू. १,४०३ मीटरवर, म्हणजे थंडी माफक. हू म्हणजे तळं, पण तळं शोधू नका. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि मधे खोलगट, म्हणून जुन्या नावात केर भरायची सुपली आहे. पूर्वी वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या गाड्या दुपारच्या सुमारास इथे पाणी-कोळशाला थांबायच्या, त्यातून इथला डबा प्रसिद्ध झाला. नेहमीच्या डब्यात कोंबडी आणि डुक्कर असतं. आम्हाला एका दुकानात शाकाहारी मिळाला: बांबूचे कोंब, टोफू, कोबी. स्टेशनाजवळच्या शेडमध्ये अमेरिकेत बनलेली, 'शे' नावाच्या जातीची वाफेची दोन इंजिनं उभी आहेत. उभे सिलिंडर एकाच बाजूला आणि दांड्यावरच्या दातेरी चाकांनी फिरणारी चाकं. बाबा तिथे पाऊण तास रमले. मला स्वतःला ते गाव अलिशानपेक्षाही गोड वाटतं, पण संध्याकाळी साडेसहाला दुकानं मिटली की करायला काही उरत नाही. आणि सूर्योदय हवाच असेल तर तिथून अंधारातच गाडीने निघावं लागेल.

२००९ च्या मोराकोट वादळाने रेल्वेचा वरचा मार्ग तुटला. तेव्हापासून खालून येणारी गाडी थेट अलिशानपर्यंत येत नव्हती, त्यामुळे फनछीहूला राहणं ओघानेच यायचं. जुलै २०२४ पासून ती पुन्हा थेट वर जाते. म्हणून मी हल्ली फोनवर सांगतो ते असं: वयस्कर माणसं बरोबर असतील तर आठवड्याच्या मधल्या वारी एकच रात्र वर अलिशान हाउसला काढा, आणि येता-जाता फनछीहूला डब्यापुरतं उतरा. चार तरुण असाल, सूर्योदयच बघायचा असेल, तर गाडीतळ पुरे. तुम्हीच ती टकटक ऐकायला उठलेले असाल.

मार्च-एप्रिलात चेरी फुलते तेव्हा मात्र वरची खोली मिळेल या भरवशावर राहू नका. तेव्हा फनछीहूच धरा, आणि डब्याच्या रांगेत साडेअकराच्या आत लागा.