टिळकवाडीतील अभ्यासवर्ग: मध्ययुगीन योद्धा-संघ आणि त्यांची नावे

बेळगावच्या टिळकवाडीतील एका खासगी अभ्यासिकेने मध्ययुगीन ख्रिस्ती योद्धा-संघांवर घेतलेला तीन संध्याकाळींचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. शुल्काचे ३०० रुपये सार्थकी लागले.

वर्गाचे खरे बळ नावांच्या उलगड्यात होते. अशा संघाला इंग्रजीत 'ऑर्डर' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'ऑर्डो'वरून आला आणि 'ऑर्डो' म्हणजे रांग. त्यावरून दर्जा आणि पुढे एकाच नियमाने राहणाऱ्या व्रतस्थांचा समूह, हा प्रवास सरांनी फळ्यावर पंगतीसारख्या ओळी आखून दाखवला. नंतर राजांनी याच धर्तीवर मानकऱ्यांचे संघ स्थापले आणि त्यांच्या छातीवरच्या पदकालाही 'ऑर्डर' म्हणण्याची रीत पडली. एवढे सुरेख विवेचन ऐकल्यावर हाती आलेल्या टिपणात 'मिलिटरी ऑर्डर'साठी 'लष्करी आदेश' छापलेले पाहून वाईट वाटले. कॅम्पात मराठा रेजिमेंटचे केंद्र असलेल्या आपल्या गावात या शब्दाने डोळ्यांसमोर हुकूमच उभा राहणार.

१११९ च्या सुमारास ह्यूग द पायाँ आणि त्याच्या सोबत्यांनी यात्रेकरूंच्या रक्षणाचे व्रत घेतले, तेव्हा जेरुसलेमचा ख्रिस्ती राजा दुसरा बाल्डविन याने त्यांना तिथल्या अल-अक्सा मशिदीत जागा दिली. क्रुसेडवाले, म्हणजे युरोपातून आलेले ख्रिस्ती धर्मयोद्धे, त्या वास्तूला सॉलोमनचे मंदिर ('टेंपल') म्हणत. म्हणून हे टेम्पलर. लंडनमधील त्यांच्या जागेवर पुढे वकिलांची 'इनर टेंपल' ही संस्था नांदली आणि तिथूनच गांधीजी १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष तेच, हे सरांनी सांगितले तेव्हा त्या अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीवरून रोज ये-जा करणारे आम्ही सारेच थक्क झालो.

हॉस्पिटलर या दुसऱ्या संघाचे नाव मला अधिक भावले. 'होस्पेस' या लॅटिन शब्दात पाहुणा आणि यजमान दोघेही सामावतात. त्यावरून यात्रेकरूंच्या विसाव्याचे घर ते 'हॉस्पिटल'. जेरुसलेममधील अशाच एका घराला पोपने १११३ मध्ये मान्यता दिली आणि शस्त्रे त्यानंतर आली. दवाखाना हा अर्थ मनात धरून वाचणाऱ्याला हे लढवय्ये कोड्यात टाकतात, ते यामुळेच.

तिसरी संध्याकाळ मात्र घाईत उरकली. ११९० मध्ये पॅलेस्टाईनमधील आक्रा शहराच्या वेढ्यातील इस्पितळातून उभ्या राहिलेल्या ट्यूटॉनिक, म्हणजे जर्मन, संघाला जेमतेम वीस मिनिटे मिळाली, आणि १३१२ मध्ये पोपने टेम्पलर संघ का विसर्जित केला, हा प्रश्न विचारायला वेळच उरला नाही. पुढच्या तुकडीसाठी चौथी संध्याकाळ वाढवावी आणि टिपणातील 'आदेश' खोडून तिथे 'संघ' छापावे. मी पुन्हा नाव नोंदवीन.