पीयूसी पास, कॅट गायब

जुनी, मॉडिफाय केलेली गाडी घेताना विकणारा चालू पीयूसी दाखवतो आणि आपण पुढच्या कागदाकडे वळतो. पुण्यातल्या एका डीलरने नेमक्या याच सवयीवर मला टोपी घातली. त्याने ते कसं केलं ते सविस्तर लिहितोय, कारण अशा गाड्या सध्या सर्रास विकायला आहेत.

गाडी २०१६ ची पोलो जीटी टीएसआय. बंपर बदललेला, चाकं मोठी, मागे जाडजूड एक्झॉस्ट, ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक रिमॅप केलेला, म्हणजे त्याचं प्रोग्रॅमिंग बदललेलं. डीलर गोड बोलणारा. "सर, सगळं बोल्ट-ऑन आहे, इंजिनला हात नाही. पीयूसी आत्ताच काढलीय, वर्षभर बघायचं काम नाही." बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या गाडीची पीयूसी वर्षभर चालते हे बरोबरच होतं. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चॅसी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले, तर प्रमाणपत्र खरंच निघालं. म्हणजे कागद खोटा नव्हता. खोटी होती ती चाचणी.

गाडी घरी आल्यापासून पार्किंगमध्ये कच्च्या पेट्रोलचा वास आणि डोळ्यांची चुरचुर. शेजारच्या काकूंनी तर तोंडावर सांगितलं, "अरे, तुझ्या गाडीने आमचं स्वयंपाकघर भरतं." शेवटी मुदत संपायची वाट न बघता पंपावरच्या पीयूसी व्हॅनकडे गेलो. त्या पोराने नळीत प्रोब नीट आतपर्यंत घातला, आधी आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, आणि मग २५०० आरपीएमला धरून आकडे घेतले. आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.८४ टक्के, मर्यादा ०.३. हायड्रोकार्बन ३१० पीपीएम, मर्यादा २००. वरच्या आरपीएमला लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, ०.९६, जो ०.९७ ते १.०३ च्या आत हवा. साफ नापास.

आमच्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, बॅटरी मारली आणि म्हणाले, "साहेब, यात कॅटच नाही. सरळ पाइप मारलाय."

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा थर असतो आणि त्यावर विषारी वायूंचं बरंचसं निवारण होतं. या धातूंना भाव आहे. मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरून त्यातली ही जाळी 'माती' म्हणून विकणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. रात्री पार्किंगमध्ये चोर जे करतात तेच काम इथे दिवसाढवळ्या, परफॉर्मन्सच्या नावाखाली झालं होतं. कॅट काढून घ्यायचा, विकायचा आणि त्या जागी पाइप टाकून "आवाज बघा, सर" म्हणत गाडीचेच जास्त पैसे लावायचे.

मग चेक इंजिनचा दिवा का लागला नाही? कॅटच्या मागे एक ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्याखाली अंगठ्याएवढा लोखंडी स्पेसर घालून तो धुराच्या प्रवाहातून बाहेर ओढला होता. संगणकाला वाटतं, कॅट छान चालू आहे. काही जण रिमॅपमध्येच तो सेन्सर बंद करतात. आपल्याकडच्या पीयूसी चाचणीत ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीचा संगणक तपासणारं यंत्र, लावत नाहीत, त्यामुळे तिथेही हे बाहेर येत नाही.

आता त्या पास झालेल्या पीयूसीची गंमत. ग्लव्ह बॉक्समध्ये आधीच्या वर्षीचं प्रमाणपत्रही सापडलं. दोन्ही शेजारी ठेवून बघितली, तर नवीन प्रमाणपत्रावरच्या गाडीच्या फोटोत बंपर कंपनीचा, चाकं कंपनीची. आणि फोटोवर आडव्या लहरी, मोबाइलच्या स्क्रीनचा फोटो काढल्यावर येतात तशा. डीलरने गाडीची जाहिरात त्या तारखेच्या आधीच टाकली होती, बदललेल्या बंपरसकट. म्हणजे गाडी तिथे गेलीच नव्हती. कोणीतरी जुना फोटो स्क्रीनवर धरला आणि प्रोब दुसऱ्याच एखाद्या गाडीच्या नळीत घातला.

मूळ मालकाला फोन केला. गृहस्थ सरळ माणूस. त्याने गाडी देतानाचे फोटो पाठवले: सगळं कंपनीचं, एकही बदल नाही. जे झालं ते मधल्या मधे झालं होतं. पण कागदावर डीलर कुठेच नाही! मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही मूळ मालकाची आणि माझी. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये जायला हवी. तशी ती गेली की मधल्या काळात गाडीची जबाबदारी डीलरची. याच्याकडे अधिकारपत्रच नव्हतं, त्यामुळे हा साहेब नामानिराळा.

आणि आता नोंदणीकृत मालक मी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ वैशिष्ट्यं परस्पर बदलता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रदूषणाचा नियम मोडला तर १०,००० पर्यंत दंड आणि लायसन्सवरही गदा. रस्त्यात अडवलं तर हे कुणी केलं ते सांगत बसायची वेळ माझ्यावर.

डीलरला गाठलं तर पठ्ठ्या हसला. "अहो सर, पीयूसीचं काय घेऊन बसलात? नंबर प्लेटचा फोटो टाका, हजार रुपयांत घरपोच." पेट्रोल गाडीची पीयूसी सव्वाशे रुपयांत होते. मी ऐकत नाही म्हटल्यावर दुसरा डाव: "माझ्याकडे एक ओरिजिनल कॅट पडलाय, चाळीस हजारांत बसवून देतो." कंपनीच्या सेंटरने नव्या कॅटचा आकडा लाखाच्या घरात सांगितला होता, त्यामुळे ऐकायला स्वस्त वाटतं. मिस्त्रींना घेऊन बघायला गेलो. त्यांनी कॅट हातात तोलला, एका तोंडाला बॅटरी लावली आणि मला दुसरीकडून बघायला सांगितलं. जाळी शाबूत असती तर बारीक चौकटीतून उजेड दिसला असता. मला अख्खा दिवा दिसला. आतली माती काढलेलं नुसतं टरफल होतं ते.

तेव्हा मॉडिफाय केलेली गाडी बघायला जाल तर पीयूसीच्या कागदावर थांबू नका. टोकन देण्याआधी विकणाऱ्याला सोबत घेऊन, आपण निवडलेल्या सेंटरवर, डोळ्यांसमोर चाचणी करून घ्या. गाडी लिफ्टवर चढवा. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू होण्याआधी चेक इंजिनचा दिवा लागतो का बघा. तेव्हाही लागला नाही तर तो बंद करून ठेवलाय. काढलेले मूळ भाग कुठे आहेत ते विचारा, आणि कॅट डिक्कीत आहे म्हणाला तर बॅटरी लावा. डीलरचं अधिकारपत्र मागा. मागितल्यावर चिडला तर तिथूनच परत फिरा.

टोकनचे पैसे मी यूपीआयने त्याच्या खात्यावर टाकले होते. तो व्यवहार, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, दोन्ही पीयूसी आणि नापास झाल्याचे आकडे जोडून ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पीयूसी सेंटरविरुद्ध आरटीओकडे वेगळा अर्ज दिलाय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद आहे. तेव्हापासून त्याचा सूर बदललाय: "तक्रार मागे घ्या, नवीन कॅट बसवून देतो." मी कळवलं, आधी बिल दाखव, गाडी कंपनीच्या सेंटरला लाव आणि माझ्यासमोर चाचणी कर, मग तक्रारीचं बोलू. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.