रीगल की इरॉस?

दक्षिण मुंबईतली आर्ट डेको शैलीची (म्हणजे 1920-30च्या दशकांतल्या, सरळ रेषा आणि भौमितिक आकारांच्या वास्तुशैलीची) चित्रपटगृहं बघायला एकच संध्याकाळ असेल, तर माझं मत इरॉसला. कुलाब्याचं रीगल वयाने मोठं, 1933 सालचं. त्याचे वास्तुकार चार्ल्स स्टीव्हन्स, म्हणजे बोरीबंदरचं स्टेशन उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे चिरंजीव. बापाने घुमट, कमानी आणि दगडी कोरीवकाम केलं, मुलाने सरळ उभ्या रेषांवर भागवलं. एका घरात एवढा बदल झालेला पाहून मला आजही नवल वाटतं. रीगलमधलं वातानुकूलन आणि तळघरात मोटारी लावायची सोय, हे त्या काळी अप्रूपच होतं.

चर्चगेट स्टेशनसमोरचं इरॉस 1938 मध्ये सुरू झालं. वास्तुकार शोराबजी भेडवार. इथे जागा कोपऱ्याची, आणि तिचं सोनं केलंय. दोन बाजूंच्या रस्त्यांना धरून दोन पंख येतात आणि कोपऱ्यावर एकत्र येऊन गोलाकार, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढतात. आग्र्याचा तांबडा दगड आणि फिकट पिवळसर रंग यांचे आडवे पट्टे उन्हं कलली की फार खुलतात. शिवाय ही नुसती थिएटरची इमारत नव्हे. इरॉस ज्या कंबाटा बिल्डिंगमध्ये आहे, तिथे दुकानं आणि कचेऱ्याही होत्या, त्यामुळे सिनेमा न बघणाऱ्यांचाही तिथे राबता असे.

2018 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळालेल्या इमारतसमूहात इरॉस आहे. मधली काही वर्षं ते बंद होतं. 2024 मध्ये आयमॅक्स पडदा घेऊन पुन्हा उघडलं. बाहेरून बघायचं असेल तर ओव्हल मैदानाच्या बाजूने चालत या.