अपील प्रलंबित असताना: फेरखटला मागावा की जादा पुरावा?

शिक्षेविरुद्ध अपील दाखल झालं की ‘मॅटर रिमांड करून घेऊ’ हा सल्ला कानावर येतोच. म्हणजे शिक्षा रद्द, खटला पुन्हा खालच्या कोर्टात. ऐकायला विजय वाटतो. पण त्या आदेशासरशी अपीलही निकाली निघतं आणि वरच्या कोर्टातून थेट निर्दोष सुटण्याची संधी जाते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे याचा नवा कायदा, १ जुलै २०२४ ला लागू झाली. तिच्या कलम ४२७ खाली अपिली कोर्ट दोषसिद्धी रद्द करून फेरखटल्याचा आदेश देऊ शकतं. कलम ४३२ खाली मात्र अपील स्वतःकडेच ठेवून जादा पुरावा घेता येतो किंवा खालच्या कोर्टाकडून नोंदवून मागवता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमं ३८६ आणि ३९१ होती.

जादा पुराव्याच्या वाटेत शिक्षेला मिळालेली स्थगिती, जामीन, आधीच्या साक्षी सगळं जागच्या जागी राहतं. गरजेपुरता एखादा साक्षीदार येतो, त्याची उलटतपासणी होते, आणि अपील पुढे चालतं. धोका एवढाच की जादा पुराव्याचा अर्ज सरकारी वकीलही करू शकतात.

फेरखटल्यात दोषीचा शिक्का पुसला जातो, हे खरंच मोठं आहे. पण माणूस पुन्हा आरोपी होतो, जामिनाचा प्रश्न नव्याने उभा राहतो आणि सुरुवातीपासून खटला चालवायचा असेल तर प्रत्येक साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येतो. समजा, मुद्देमालाला सील कोणी लावलं हे पंचाला पहिल्यांदा सांगता आलं नव्हतं. दुसऱ्यांदा तो तयारीनिशी येईल. जुनी साक्ष दाखवून त्याला विसंगतीत पकडता येतं, पण तुमच्या बचावाचा रोख आता सगळ्यांना ठाऊक असतो.

दारूबंदीच्या एका प्रकरणात, उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६३), सत्र न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून अपिलातच जादा पुरावा घ्यायला सांगितलं. फेरखटला अपवादानेच, हे सूत्र तिथलं: कोर्टाला अधिकारच नव्हता, खटल्यात गंभीर बेकायदेशीरपणा झाला, किंवा हाताबाहेरच्या कारणामुळे पुरावाच देता आला नाही, तरच. गुजरात दंगलीतल्या हत्याकांडाचं बेस्ट बेकरी प्रकरण (२००४) असा अपवाद. तिथे निर्दोष सुटकेचा निकाल रद्द होऊन खटला महाराष्ट्रात नव्याने चालला.

वकीलच मिळाला नाही, उलटतपासणीची संधीच नाकारली, अशा वेळी मी फेरखटलाच मागेन. एखादा दस्तऐवज किंवा तज्ज्ञाची साक्ष राहिली असेल तर कलम ४३२. आणि सरकार पक्षाचा पुरावाच तोकडा असेल तर दोन्ही नको. गुणदोषांवर युक्तिवाद करून सुटका मागावी. अपिलाच्या मसुद्यात सवयीने ‘पर्यायाने फेरखटला’ अशी ओळ घातलेली असते. सही करण्याआधी ती का घातली, हे वकिलांना विचारा.