पेढीवरचं वायफाय आणि माझं प्रोटॉन व्हीपीएन

सांगलीत विश्रामबागेत माझं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे, पण निम्मं काम वसंतदादा मार्केट यार्डात चालतं. हळदीचे सौदे सुरू झाले की व्यापाऱ्यांना ऑफिसात यायला सवड नसते, मग मीच लॅपटॉप घेऊन त्यांच्या पेढीवर जाऊन बसते. तिथला वायफायचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्केचपेननं लिहिलेला. दिवाणजी, ड्रायव्हर, माल घेऊन आलेले शेतकरी, सगळे त्याच वायफायवर. आणि माझ्या लॅपटॉपमध्ये लोकांचे पॅन, बँकेची स्टेटमेंटं, खरेदी-विक्रीची बिलं.

"ताई, आमच्या वायफायला काय धाड भरलीय?" एका आडत्यांनी मला विचारलंच. त्यांना सांगितलं ते इथंही सांगते. बँकेची किंवा कराची साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या पद्धतीवर चालते, त्यामुळे पासवर्ड वाटेत सहसा कुणाला वाचता येत नाही. पण मी कुठल्या साइटवर गेले, हे वायफायवाल्याला आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीला कळू शकतं. एखाद्या व्यापाऱ्याचं खातं कोणत्या बँकेत आहे, तो कर्जासाठी कुठं चौकशी करतोय, हे गिऱ्हाइकानं माझ्यावर विश्वास टाकून सांगितलेलं असतं. ते माझ्याकडून बाहेर जाता कामा नये.

त्यासाठी व्हीपीएन लागतं, म्हणजे आपलं इंटरनेट कुलूपबंद करून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप. सुरुवातीला मी असंच एक फुकटचं टाकलं होतं. नाव घेत नाही. त्यानं कॉन्टॅक्ट आणि लोकेशनची परवानगी मागितली आणि मी घाईत दिलीही. पुढं एका सहकाऱ्यानं डीएनएस लीक टेस्ट करायला सांगितली, म्हणजे साइट शोधायची विचारणा व्हीपीएनच्या बाहेरून जाते का, याची तपासणी. व्हीपीएन चालू ठेवून टेस्टची साइट उघडली. वर माझा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, परदेशातला दिसला, पण खालच्या यादीत माझ्याच इंटरनेट कंपनीचं नाव! म्हणजे प्रत्येक साइटचं नाव आधी त्याच कंपनीला विचारलं जात होतं. इतके महिने मी निर्धास्त होते, ते कशाच्या जिवावर? त्याच दिवशी ॲप काढून टाकलं.

मग प्रोटॉन व्हीपीएन घेतलं. व्हीपीएन लावलं म्हणजे आपण अदृश्य होत नाही. जे आधी इंटरनेट कंपनीला दिसायचं, ते आता व्हीपीएन कंपनीच्या हातात जातं. म्हणून वेगाच्या आधी मी एवढंच बघितलं, की ही कंपनी काय साठवते आणि ते तपासायला काही मार्ग आहे का. प्रोटॉन स्वित्झर्लंडची आहे. कोण कुठल्या साइटवर गेलं याची नोंद ठेवत नाही, असं ती सांगते, आणि तिच्या ॲपचा सोर्स कोड, म्हणजे ॲप ज्यातून बनतं तो मूळ मजकूर, 2020 पासून सगळ्यांना खुला आहे. फुकटच्या प्लॅनलाही डेटाची मर्यादा नाही. मात्र त्यात एकाच वेळी एकच डिव्हाइस चालतं आणि देश आपल्याला निवडता येत नाही.

मी पैसे भरून घेतलं, त्याला कारण आहे. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, निर्देश काढले, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, त्यांना दिलेले आयपी पाच वर्षं जपून ठेवायचे. त्यानंतर प्रोटॉनसह काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. आता प्रोटॉनच्या यादीत 'इंडिया' निवडलं तर आयपी भारतीय मिळतो, पण मशीन असतं सिंगापुरात. माझ्या कामाला हेच लागतं, कारण परदेशी आयपीवरून एक सरकारी पोर्टल माझ्याकडं उघडतच नव्हतं. दर महिन्याला पैसे भरले तर महाग पडतं, एकदम दोन वर्षांचं घेतलं तर बरंच कमी होतं. एका खात्यावर दहा डिव्हाइस चालतात, त्यामुळे ऑफिसातल्या दोन्ही मुलींचे लॅपटॉपही त्यातच बसले.

किल स्विच, म्हणजे व्हीपीएन तुटलं की इंटरनेट थांबवणारी सोय, मात्र पहिल्याच दिवशी चालू करा. मे महिन्यात पेढीवर लाइट गेली, राउटर बंद पडला, इन्व्हर्टरवर पुन्हा सुरू झाला. त्या मधल्या वेळात व्हीपीएन तुटलेलं आणि माझी फाइल निम्मी चढलेली. लॅपटॉपनं सगळं इंटरनेट रोखून धरलं आणि व्हीपीएन जोडलं गेल्यावरच सोडलं. दोन मिनिटं खोळंबा झाला, पण एक बिलही उघड्यावरून गेलं नाही. अँड्रॉइड फोनवर हेच फोनच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये मिळतं: 'ऑलवेज-ऑन व्हीपीएन' आणि त्याच्या खाली 'ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन'. दोन्ही चालू हवीत.

एका गिऱ्हाइकाला वाटत होतं, आता ओटीपीची फसवणूक होणार नाही. तसं अजिबात नाही. खोट्या लिंकवर तुम्ही स्वतः पासवर्ड टाकलात तर व्हीपीएन काय करणार? आणि गुगलला लॉगिन करून शोधत बसलात तर तुम्ही कोण हे गुगलला माहीतच असतं. एका बँकेचं ॲप तर व्हीपीएन चालू असताना उघडतच नाही. तेवढ्यापुरतं मी व्हीपीएन बंद करते, पण पेढीच्या वायफायवर नाही, स्वतःच्या मोबाइल डेटावर.

परवा त्याच आडत्यांच्या दिवाणजींनी फोन पुढं केला. फुकटचा प्लॅन टाकून दिला आणि टेस्ट त्यांच्याकडूनच करून घेतली. यादीत इंटरनेट कंपनीचं नाव कुठं दिसतंय का, ते चष्मा पुसून दोनदा बघत होते.